क्लाउनफिश अ‍ॅनिमोनकडे फिरकतच नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकवाल्यांना विचारायचं होतं. माझ्याकडे ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी आहे, दोन्ही टँकमध्येच पैदास झालेले. बबल टिप जातीचा अ‍ॅनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) खडकाच्या फटीत पाय रोवून मस्त फुललाय, कोळंबीचा तुकडाही खातो. हे दोघे मात्र पंपामागच्या कोपऱ्यात झोपतात! समुद्रात ऑसेलॅरिस मॅग्निफिका किंवा जायंट कार्पेटमध्ये राहतात, बबल टिप त्यांचं नैसर्गिक घर नाही, हे ठाऊक आहे. पण ते दोन्ही अ‍ॅनिमोन सांभाळणं माझ्या लाइटच्या आवाक्याबाहेरचं. सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, घनतेच्या मापात) १.०२५, तापमान २६ अंश.

पंपाचा प्रवाह वळवून कोपरा नकोसा करावा का? काचेला बाहेरून अ‍ॅनिमोनमधल्या क्लाउनचा फोटो चिकटवतात म्हणे, कुणाला खरंच गुण आलाय? जाळीच्या डब्यात तिघांना कोंडायचा उपाय मला अघोरी वाटतो, तो सोडून सांगा.