कवटीच्या स्कॅनवरून शिल्प: दोन बाजू जुळत नाहीत, दात मेणासारखे येतात

शिंपलेवाला
कोल्ह्याची कवटी, लांबी १३ सेंमी. टर्नटेबलवर (फिरत्या थाळीवर) छापील कागद अंथरून त्यावर ठेवली आहे. दर १० अंशांना एक फोटो, तीन उंचींवरून. मग कवटी पालथी करून तेवढेच फोटो पुन्हा. फुल फ्रेम कॅमेरा, एफ ११, आयएसओ १००, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल. मेटाशेपमध्ये (फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) एकेक बाजू ठीक येते, पण दोन्ही सेट एकत्र दिले की एकमेकींत घुसलेल्या दोन कवट्या दिसतात. दात मेणासारखे गुळगुळीत, डोळ्यांच्या खोबणीत भोकं. पुढे हिला ४ सेंमीचा शंख आणि झाडाची साल जोडून ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय शिल्पाचं सॉफ्टवेअर) एकच आकृती करायची आहे. मेश (पृष्ठभागाची जाळी) ८० लाख त्रिकोणांची आहे आणि बूलियन (दोन आकार जोडणं-कापणं) लावलं की ब्लेंडर बंद पडतो. कुठून सुरुवात करू?

त्रिमितीकर
कागदापासून. अक्षरांच्या खुणा हाडापेक्षा ठळक असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर कागद कागदाशी जुळवतं. कवटी पालथी केल्यावर कागदाच्या हिशेबात तिची जागा बदललेली असते, म्हणून दोन कवट्या. एकाच बाजूचे फोटो असतील तर असा कागद उपयोगी पडतो. वस्तू उलटायची असेल तर तोच नडतो.

आहेत त्या फोटोंत कवटी सोडून सगळं मास्क करा (झाकून टाका) आणि अलाइन करताना, म्हणजे फोटो एकमेकांशी जुळवताना, मास्क ‘की पॉइंट्स’ना (एकेका फोटोत सापडलेल्या खुणांना) लावा. शेजारचा ‘टाय पॉइंट्स’ (अनेक फोटोंत जुळलेल्या खुणा) पर्याय सोपा वाटतो, एका फोटोवरच्या मास्कवरही भागतं. पण तो जागचा न हलणारा पडदा वगळण्यासाठी आहे. कवटीबरोबर फिरणाऱ्या कागदासाठी त्याच्यावर विसंबू नका.

फोटो नव्याने काढणार असाल तर काळ्या मखमलीवर काढा, मास्क जवळजवळ आपोआप होतात. आणि तिसरा सेट कवटी कुशीवर ठेवून घ्या. टाळू आणि माथा हे दोन्ही थोडे थोडे त्यात दिसतात, वरच्या-खालच्या सेटना सांधणारे बिंदू तिथूनच मिळतात.

फोकसचं गणितही बघा. कवटी फ्रेममध्ये मावेल एवढ्या, म्हणजे साधारण ०.२ पट मोठेपणावर (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या ०.२ पट), एफ ११ला जेमतेम २ सेंमी खोली स्पष्ट येते. समोरून घेतलेल्या फोटोत नाकाचं टोक स्पष्ट असेल तर मागचा भाग धूसर असणारच. तो धूसर भाग मास्क करा किंवा फोकस स्टॅक करा (फोकस सरकवत घेतलेले फोटो एकत्र करा). एफ २२ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ होतं.

मोजमाप: मेटाशेपच्या स्टँडर्ड आवृत्तीत स्केल बार (माहीत असलेलं अंतर देऊन माप ठरवायची सोय) नाहीत. गालाच्या दोन्ही कमानींमधलं सर्वात जास्त अंतर व्हर्नियरने मोजा आणि ब्लेंडरमध्ये मेश त्या मापाला आणा.

काळी_मखमल
दातांचे दोन वेगळे त्रास आहेत. पहिला चकाकीचा: ती प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि सॉफ्टवेअर तिलाच खूण समजतं. उपाय क्रॉस पोलरायझेशन. फ्लॅशवर लिनियर पोलरायझिंग फिल्म, लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर. फिल्टर फिरवत चकाकी नाहीशी होते तिथे थांबा आणि त्या जागी चिकटपट्टी लावा. दोन ते तीन स्टॉप प्रकाश जातो (दर स्टॉपला निम्मा), म्हणून फ्लॅशची ताकद वाढवावी लागते, आयएसओ नाही.

दुसरा त्रास इनॅमलचा. ते थोडं पारदर्शक असतं, प्रकाश आत शिरून पसरतो आणि पृष्ठभागावर पकडायला बारकावा उरत नाही. तिथे पोलरायझर पुरा पडत नाही. सायक्लोडोडेकेनचा स्प्रे मारतात, तो पांढरा थर काही काळाने आपोआप उडून जातो. मग आकार स्प्रेच्या फोटोंवरून, रंग बिनस्प्रेच्या. टाल्कम पावडर मात्र नको, हाडाच्या छिद्रांत बसली की निघत नाही. शिल्पच करायचं असेल तर माझं मत: दात स्कॅनमधून कापून टाका आणि संदर्भ फोटो समोर ठेवून हाताने घडवा. वेळही कमी लागतो आणि कडा धारदार येतात.

जाळीदार
ब्लेंडरचं सांगतो. ८० लाखांच्या मेशवर बूलियन करायचंच नाही. कच्चा स्कॅन बाजूला जपून ठेवा, त्याच्या प्रतीवर काम करा.

प्रतीला व्हॉक्सेल रीमेश (जाळी एकसारख्या घरांनी नव्याने विणणं), ०.५ मिमी. बारीक भोकं बुजतात, पण यूव्ही (रंगाचं चित्र पृष्ठभागावर बसवायचा नकाशा) जातात. नाकपोकळीतली कागदासारखी पातळ हाडं याच टप्प्याला गोळा होतात. ती आधीच काढा आणि आत नुसती खोल पोकळी कोरा, अंधारात कुणाला फरक दिसत नाही. खोबणीचंही तसंच. शंख आणि साल यांच्याही अशाच हलक्या प्रती करून सांध्यावर बूलियन करा, पुन्हा व्हॉक्सेल रीमेश, आणि सांधा स्मूथ व क्ले स्ट्रिप्स ब्रशने घडवा. आकृती पक्की झाली की क्वाड्रिफ्लोने (ब्लेंडरचं जाळी चौकोनांत बदलणारं साधन) २५ हजार चौकोनांवर आणा आणि यूव्ही उलगडा.

आता बारकावा परत आणायचा. मल्टिरेझोल्यूशनची एकेक पातळी वाढवा (दर पातळीला एका चौकोनाचे चार, चौथीला ६४ लाख होतात), प्रत्येक पातळीला त्याच्या खाली श्रिंकरॅप (जाळी दुसऱ्या पृष्ठभागावर ओढून बसवणारा मॉडिफायर) लावून मूळ स्कॅनवर चिकटवा आणि अप्लाय करा. थेट चौथ्या पातळीला लावलं तर काटे उठतात. खोबणी, दात आणि सांधे व्हर्टेक्स ग्रुपने (निवडलेल्या बिंदूंच्या गटाने) वगळा, नाहीतर जवळची म्हणून चुकीची भिंत पकडली जाते.

रंग ‘सिलेक्टेड टु अ‍ॅक्टिव्ह’ने बेक करा, म्हणजे मूळ स्कॅनचा रंग नव्या जाळीच्या चित्रात उतरवा. हाड १ ते २ मिमी इतकं पातळ असेल तिथे रे डिस्टन्स (रंग किती अंतरापर्यंत शोधायचा ते) ०.५ मिमीच्या आत ठेवा. जास्त ठेवलं तर पलीकडच्या बाजूचा रंग अलीकडे उमटतो आणि कमानींवर काळे डाग पडतात.

शंखाबाबत एक अडचण दिसते. तो पाचपट मोठा करणार असाल तर त्याचा बारकावाही पाचपट ताणला जाईल आणि कवटीशेजारी तो धुरकट दिसेल. ०.२ पटावर ६००० पिक्सेल रुंद फोटोत एक पिक्सेल म्हणजे ०.०३ मिमी, पाचपट मोठा केल्यावर तोच ०.१५ मिमी. मॅक्रो लेन्सने जवळून, निदान ०.५ पटावर घ्या. तिथे स्पष्ट खोली ४ मिमीच मिळते, म्हणून स्टॅकिंग टळत नाही.

शिंपलेवाला
मास्क ‘की पॉइंट्स’ना लावल्यावर दोन्ही बाजू जुळल्या, आभार. मानेभोवती पिसं आणि सापाची कात घ्यायची आहे. तीही अशीच स्कॅन करायची?

काळी_मखमल
नाही. पिसाचे तंतू इतके बारीक की मेशचा नुसता गोळा येतो. फ्लॅटबेड स्कॅनरवर सपाट ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करा, अल्फा कापा (पिसाबाहेरचा भाग पारदर्शक करा) आणि थोड्या वाकवलेल्या पट्ट्यांवर लावा. कात पारदर्शक, तीही फ्लॅटबेडवरच, मागे काळा कागद ठेवून. त्या स्कॅनवरून खवल्यांचा ब्रश-अल्फा (ब्रशने उमटवायचं उंच-सखलाचं चित्र) करता येतो, पण उजेड म्हणजे उंची नव्हे: खवल्यांच्या कडा हाताने रंगवून १६ बिटमध्ये साठवा. ८ बिटमध्ये उतारावर पायऱ्या दिसतात.

त्रिमितीकर
पिसं गोळा करण्याआधी तुमच्याकडचा कायदा बघा. अनेक देशांत वन्य प्राण्यांचे अवशेष, जमिनीवर पडलेली पिसंसुद्धा, बाळगणं गुन्हा आहे. अशा वेळी मोजपट्टी शेजारी ठेवून जागेवरच फोटो घ्या. आणि ताजी हाडं असतील तर हातमोजे, तोंडाला मास्क वापरा. उकळू नका, चरबी हाडात मुरते. क्लोरीन ब्लीच हाड खातं. गोरं करायला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं.