प्रति: इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लावला की झालं?

वर कुणीतरी म्हटलंय की इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लावला की सॉफ्ट स्किल्सचं भागतं. मला नाही पटत. हिंजवडीची आयटी कंपनी असो की चाकणचा कारखाना, नवी पोरं अडतात ती ‘अडलंय’ हे वेळेत न सांगण्यात. तीन दिवस ‘वर्क इन प्रोग्रेस’, चौथ्या दिवशी कळतं की गाडी पहिल्याच दिवशी थांबलीये.

मेलमध्ये एवढंच हवं: काय करायचंय, कुठे अडलं, काय करून पाहिलं, कुणाकडून काय आणि कधीपर्यंत हवंय. उदाहरणार्थ (फिक्श्चर म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पकडून ठेवणारी चौकट; टॉलरन्स म्हणजे मापात चालेल एवढा फरक): ‘फिक्श्चरच्या ड्रॉइंगमध्ये होल ३ चा टॉलरन्स दिलेला नाही. आधीची रिव्हिजन पाहिली, तिथेही नाही. डिझाइनकडून आज ४ पर्यंत आकडा मिळाला तर उद्या फर्स्ट शिफ्टला जॉब लावता येईल.’ शेवटची ओळ विसरू नका. तिच्याशिवाय ती नुसती तक्रार होते.

फायनल इयर प्रोजेक्टवर दर शुक्रवारी गाइडना अशी मेल टाका. व्हॉट्सॲपवर नको, तिथे अंगठा येतो आणि विषय संपतो.

बाकी, टीमवर्कसाठी ‘पुरुषोत्तम’ला (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) बॅकस्टेज करा. लाइट्सचा क्यू चुकला तर कारणं सांगायला वेळच नसतो.