'सांडपाणी' म्हणजे नक्की कुठलं पाणी?

केळफूल
डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ खेर्टयान मेडेमा यांच्यावरचा एक लेख मराठीत करतेय. मार्च 2020 मध्ये ॲमर्सफोर्ट शहराच्या वेस्टवॉटरमध्ये त्यांच्या गटाला करोना विषाणूच्या आरएनएचे अंश सापडले, तेही तिथला पहिला रुग्ण नोंदला जायच्या सहा दिवस आधी. मी बिनदिक्कत 'सांडपाणी' लिहिलं. सासूबाईंनी कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "भांडी घासलेल्या पाण्यात करोना कुठून आला गं?"

चूक त्यांची नाही. आमच्याकडे सांडपाणी म्हणजे न्हाणीचं आणि मोरीचं, केळीच्या आळ्यात सोडतात ते. संडासाचं त्यात धरतच नाहीत. आणि इथे तर सगळी मदार त्याच्यावरच. काय लिहू?

चौकटचा गुलाम
मैलापाणी. पुण्यात महापालिका तेच म्हणते. मिटलं.

शुद्धमती
मिटलं कसं? शहरी वाहिनीत आंघोळीचं, कपड्यांचं, कुठेकुठे पावसाचंसुद्धा पाणी येतं. आणि 'मैला' हा शब्द मला नकोच. तो वाहून न्यायला लावण्याविरुद्ध 1993 आणि 2013 मध्ये दोनदा कायदे करावे लागले. 'मलजल' लिहा, मुंबईत रूढ आहे.

गोमूचा मामा
मलजल! गंगाजलाची धाकटी बहीण वाटते. 'जल' जोडलं की वास जातो होय? कायदे वाहायला लावण्याविरुद्ध झाले, शब्दाविरुद्ध नाहीत.

बाकी सासूबाईंना माझा पाठिंबा. आमच्या ग्रामपंचायतीत 'घनकचरा व सांडपाणी व्यवस्थापन' म्हणजे मोरीच्या पाण्याला शोषखड्डा. संडासाचा खड्डा निराळा, त्याचा हिशोब निराळा.

पाटपाणी
मुळात सांडणे म्हणजे टाकून देणे. पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो' आहेच. दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो, सांडून लवंडो असं नव्हे. धरणाचा सांडवाही त्यातलाच. म्हणजे जे टाकलं ते सांडपाणी, संडासाचं असो की वरणाच्या पातेल्याचं. शब्द पुरेसा रुंद आहे, आपण तो मोरीपुरता आखूड केला.

चौकटचा गुलाम
व्युत्पत्तीवर अर्थ ठरवायचा तर मग सांडशीनेही सांडायला हवं!

पाटपाणी
राव, सांडशी 'संदंश'वरून आली. तिचा इथे काही संबंध नाही.

नळी
प्रयोगशाळेत काम करते म्हणून दोन शब्द. आम्ही बाटलीवर सरळ 'सीवेज' लिहितो. मोरीचं पाणी परकं नाही, ते मिसळल्याने नमुना पातळ होतो एवढंच. तो किती पातळ झालाय ते कळायला पुष्कळ ठिकाणी मिरचीवरचा एक विषाणू मोजतात. ढोबळ्या मिरचीच्या, तिखटाच्या पदार्थांतून तो पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. माणसाला त्याचा त्रास नाही. वस्तीत कोण आजारी ते माहीत नसलं तरी मिरची सगळे खातात!

आणि हे करोनापासूनचं नाही. मुंबईत पोलिओसाठी 2001 पासून असे नमुने घेतले गेले. त्याच्याही आधी, 1948 साली, इंग्लंडात ब्रेंडन मूर यांनी गॉझच्या घड्या गटारात सोडून पॅराटायफॉइड पसरवणाऱ्यांचा माग काढला होता. त्या घडीला अजून 'मूर स्वॉब' म्हणतात.

गोमूचा मामा
मूरचं फडकं! झाला की मराठी शब्द.

केळफूल
नळीताई, मिरची ढापतेय. पण पुढचा खड्डा तयार आहे: 'सर्व्हेलन्स'. 'सांडपाण्यावर पाळत' लिहिलं तर गटाराजवळ साध्या वेशातला हवालदार उभा दिसतो.

शुद्धमती
सर्वेक्षण.

पाटपाणी
ते एकदा करून मोकळे होतात. हे दर आठवड्याला चालतं. 'पाळत'च बरोबर, संशयित विषाणू आहे.

चौकटचा गुलाम
निगराणी?

शुद्धमती
हिंदी.

चौकटचा गुलाम
मग 'गटार' कुठलं? इंग्रजी 'गटर'च ना?

गोमूचा मामा
ए, गटाराला हात लावू नका! गटारी अमावास्येचं कुणी 'गतहारी' केलं तर मी निघालो.

शुद्धमती
'गतहारी'च आहे ते मूळचं.

गोमूचा मामा
निघालो.

केळफूल
मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त पहिल्या उल्लेखाला 'संडास-मोरीचं एकत्र सांडपाणी' आणि पुढे नुसतं सांडपाणी लिहिलंय. सासूबाई म्हणाल्या, कळलं, पण जेवताना वाचू नकोस. 'सर्व्हेलन्स' तसाच ठेवलाय, रात्रीपर्यंत कुणाला सुचलं तर सांगा.

पाटपाणी
बघतो. पण चौकटराव, तुमच्याकडे सांडशी म्हणतात की पक्कड? आमची आजी 'गावी' म्हणायची. "गावी आण" म्हटलं की आम्ही पोरं चपला घालायचो.

नळी
आमच्याकडे सांडशीच!