ईजीएफ रिसेप्टर: बाहेरचा संदेश आतल्या कायनेजपर्यंत पोहोचतो कसा?

पेशीवेडा: एमएस्सीच्या अभ्यासात एका जागी अडलो आहे. ईजीएफ हे पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन ज्याला चिकटते त्या ईजीएफ रिसेप्टरला पेशीबाहेर चार डोमेन (प्रथिनाचे वेगवेगळे घडीदार भाग) असतात आणि आत टायरोसिन कायनेज डोमेन, म्हणजे टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारे डोमेन, असते. या दोहोंना जोडणारी पेशीपटलातली हेलिक्स (सर्पिल साखळी) मात्र एकच, जेमतेम 23 अमिनो आम्लांची. एवढ्याशा दोऱ्यातून संदेश आत कसा जातो? शिवाय ईजीएफ मधोमध बसून दोन रिसेप्टरांना एकत्र बांधतो असे आमच्या टिपणांत आहे, ते बरोबर आहे का?

स्फटिक: टिपणांतले ते वाक्य आधी खोडा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिक-रचनांत ईजीएफचे रेणू जोडीच्या मध्ये नव्हे, तर दोन्ही बाहेरच्या अंगांना दिसले. ईजीएफचा एक रेणू एकाच रिसेप्टरच्या पहिल्या व तिसऱ्या डोमेनांच्या बेचक्यात बसतो. एरवी दुसऱ्या डोमेनमधून पुढे आलेला एक फास, म्हणजे जोडणीचा हात, चौथ्या डोमेनला बिलगून दडलेला असतो. ईजीएफने पहिल्या व तिसऱ्या डोमेनांना जवळ आणले की ती मिठी सुटते आणि मोकळा झालेला हात शेजारच्या रिसेप्टरच्या दुसऱ्या डोमेनला जाऊन भिडतो.

त्यामुळे एकट्या हेलिक्सवर सारा भार पडत नाही. बाहेर जोडी जमली की आतली कायनेज डोमेनेही जवळ येतात, पण ती समोरासमोर सारखी बसत नाहीत, आणि मला या रचनेत सर्वांत सुंदर वाटते ते हेच: एकाचा खालचा खंड दुसऱ्याच्या वरच्या खंडाला रेटतो आणि रेटला गेलेला कायनेज जागा होऊन रिसेप्टरांच्या आतल्या शेपटांतल्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढवतो. तिथे संदेश पुढे नेणारे ग्रब2 हे प्रथिन आपल्या एसएच2 डोमेनने (फॉस्फेट चढलेले टायरोसिन ओळखणारा भाग) येऊन चिकटते.

अनुराधा: याच कुळातल्या हर2 या रिसेप्टरचा एकही लिगँड (ईजीएफसारखा चिकटून संदेश देणारा रेणू) ज्ञात नाही, त्याचा हात कायम मोकळाच असतो. माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब सोबत दिले जात होते, तेव्हा एकाच रिसेप्टरवर दोन औषधे कशासाठी, हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. पहिले चौथ्या डोमेनवर बसते आणि दुसरे दुसऱ्या डोमेनवर, नेमके त्या हाताशी, हे वाचले तेव्हा उलगडा झाला.

पेशीवेडा: दोघांचेही मनापासून आभार. मग याच कुळातल्या हर3 या रिसेप्टरचे कायनेज जवळजवळ निकामी असूनही हर2 सोबतची त्याची जोडी इतकी प्रभावी कशी?

स्फटिक: कारण रेटणाऱ्याला स्वतः फॉस्फेट चढवता येण्याची गरज नसते. हर3 रेटतो, काम हर2 करतो.