गुणवत्ता सुधारणेचा कार्यक्रम सुरू झाला, पण रिजेक्शन हलत नाही

प्रश्न: मशिनिंगच्या चार लाइन आहेत. सगळीकडे एकदम सुधारणा गट नेमले, प्रशिक्षण झालं, फलक लागले. बोअर ओव्हरसाइजचं (छिद्र ठरल्यापेक्षा मोठं होण्याचं) रिजेक्शन मात्र होतं तिथेच आहे आणि बैठकांना आता कोणी फिरकत नाही. पुन्हा सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: एक लाइन, एक दोष. बाकीचे गट सध्या थांबवा. तपासणी तक्त्यात नुसतं ‘ओव्हरसाइज’ नको. मशीन, शिफ्ट, इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलल्यापासूनचा कितवा नग, असे रकाने करा. दोष इन्सर्ट बदलल्यावरच्या पहिल्या नगांत साचत असेल, तर जुन्या इन्सर्टच्या झिजेपोटी वाढवलेला ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) तसाच राहतोय. शिफ्टच्या सुरुवातीला साचत असेल, तर थंड मशीनकडे बघा. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

उत्तर २: त्याही आधी गेज (मोजमापाचं साधन) तपासा, ही पायरी हमखास गाळली जाते. 10 नग, 3 तपासनीस, प्रत्येक नग 3 वेळा, आधीचं रीडिंग न दाखवता. मोजमापातला फरक एकूण फरकाच्या 10 टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. 30 च्या वर गेला तर त्या आकड्यांवर निर्णय घेऊच नका. नग सलग उचलू नका, वेगवेगळ्या दिवसांचे घ्या. डायल बोअर गेज झुलवून सर्वांत कमी रीडिंग घ्यायचं असतं. तिरकं धरलं की बोअर मोठा दिसतो आणि चांगला नग बाद होतो. तुमच्या रिजेक्शनमध्ये असे किती आहेत, हे आधी कळायला हवं.

प्रश्नकर्ता: गेज ठीक निघालं तर?

उत्तर ३: मग कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजमापं क्रमाने मांडून प्रक्रिया स्थिर आहे का ते दाखवणारा आलेख. सलग 5 नगांचा एक गट, असे 25 गट. गटांच्या सरासरीच्या मर्यादा म्हणजे एकूण सरासरी अधिक-उणे 0.577 गुणिले सरासरी रेंज (रेंज म्हणजे गटातलं सर्वांत मोठं उणे सर्वांत लहान मोजमाप). इथे ड्रॉइंगचा टॉलरन्स (मापात चालणाऱ्या फरकाची हद्द) आखला की चार्ट निरुपयोगी झाला. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक नगामागे ऑफसेट हलवणं. त्याने फरक वाढतो. मर्यादेबाहेर बिंदू गेल्यावर मशीन कोण थांबवणार आणि शेवटच्या चांगल्या तपासणीपासूनचे नग कोण वेगळे काढणार, हे चार्टवरच लिहा.

उत्तर ४: आणि रिजेक्शनचा आकडा बोनसला जोडू नका. नग गुपचूप रिवर्कला (दुरुस्तीला) जातात, नोंद कोरी राहते. रिवर्कचा वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.