नडगी जुळली, पण पाय अजून आपला वाटत नाही

पेठेतला विंगर
वय 27, कोल्हापुरात तालमीच्या संघाकडनं फुटबॉल खेळतो, राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेनं. फेब्रुवारीत शाहू स्टेडियमवर मॅचमध्ये उजवी नडगी मोडली. आत रॉड आहे. पाच महिने झाले. परवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, हळूहळू पळायला लाग. पण जिना उतरताना हात अजून कठड्याकडं जातो. पोटरी टेपनं मोजली, डावीपेक्षा अडीच सेंटीमीटर बारीक. आई रोज पायाचं सूप करते. पोरं विचारतात, डिसेंबरात खेळायला येणार का? काय सांगू?

जुना स्टॉपर
भावा, माझी 2016 ला मोडली. हाड जुळलं म्हटल्यावर मी त्याच आठवड्यात प्रॅक्टिसला गेलो. लंगडत पळत होतो आणि मलाच कळत नव्हतं. गोलकीपरनं मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग दोन महिने फक्त पोटरी. पायरीच्या कडेवर चवडा, टाच खाली सोडायची, वर उचलायची, एका पायावर. पहिल्या दिवशी चार झाल्या, धडधाकट पायावर पंचवीस. मॅचला उतरायला अकरा महिने लागले.

फिजिओ ताई
रॉड हाडाला आधार देतो, स्नायू तुम्हालाच कमवावा लागतो. आधी सरळ पळणं, मग वळणं, मग एका पायावर उड्या, टॅकल, म्हणजे पाय घालून बॉल काढून घेणं, सगळ्यात शेवटी. रॉड गुडघ्याजवळून घातला असेल तर गुडघा टेकताना पुष्कळांना दुखतं. पण भार दिल्यावर मोडलेल्या जागीच दुखलं तर थांबा, डॉक्टरांना दाखवा. सूप प्या, सोबत अंडी, डाळ, मासेही हवेत. सिगारेट असेल तर आजच सोडा, तिनं हाड भरायला वेळ लागतो.

पेठेतला विंगर
ताई, सिगारेट नाही. दादा, आत्ता पायरीवर करून आलो. उजव्यावर सहा, डाव्यावर बावीस. खरं सांगू का, टॅकलची भीती जास्त आहे. रात्री हाड मोडल्याचा तो आवाज ऐकू येतो.

जुना स्टॉपर
येणारच. इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबच्या आरोन रॅमसीचा पाय 27 फेब्रुवारी 2010 ला मोडला. नोव्हेंबरात आर्सेनलनं त्याला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, नॉटिंगहॅम फॉरेस्टकडं, खालच्या डिव्हिजनला खेळायला पाठवलं. तूही आधी तालमीच्या लहान पोरांत खेळ. पाय घालणारा मित्र निवड, त्याला हळू घालायला सांग, रोज थोडा जोर वाढव.

पेठेतला विंगर
कॅप्टनला फोन केला, डिसेंबर धरू नको म्हणून सांगितलं. गुरुवारी प्रॅक्टिसला जातोय, गोलमागं उभा राहून बॉल परत द्यायला.