वडिलांना घेऊन अमेरिकेतील कंट्री संगीत महोत्सवाला जायचे आहे, कोणता निवडावा?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. पुढच्या वर्षी अमेरिकेतील एखाद्या अनेक दिवस चालणाऱ्या कंट्री किंवा अमेरिकाना (कंट्री, लोकसंगीत, ब्लूज अशा जुन्या मुळांवर उभे राहिलेले) संगीत महोत्सवाला वडिलांसह जाण्याचा विचार आहे. बहीण अटलांटाला राहते आणि आम्हा दोघांकडेही दहा वर्षांचा व्हिसा आहे, त्यामुळे त्या बाजूची काळजी नाही. प्रश्न आहे तो महोत्सव निवडण्याचा.

वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. नोकरी सांभाळून ते तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत असत आणि कंट्री गायक जिम रीव्ह्ज हे त्यांचे दैवत. आमच्या घरी रविवारची सकाळ त्याच आवाजाने उजाडते. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार वेळ उभे राहणे जमत नाही. शिवाय ते पूर्ण शाकाहारी आहेत. मला मात्र ख्रिस स्टेपलटन, टायलर चिल्डर्स अशी अलीकडची मंडळी आवडतात. आजवर इंटरनेटवर वाचून तीन नावे बाजूला काढली आहेत: कॅलिफोर्नियातील स्टेजकोच, टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचा सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) फेस्ट आणि नॅशव्हिलचाच अमेरिकानाफेस्ट. यांपैकी कोणत्या ठिकाणी वडिलांना बसून ऐकता येईल, तिथे त्यांच्या आवडीचे संगीत खरोखर वाजते का, आणि सगळेच दिवस हजेरी लावणे त्यांच्या वयाला झेपेल का, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

पारसिक_टेकडी (बेलापूर)

तुमच्या यादीतील स्टेजकोच सर्वात आधी खोडून टाका. हा महोत्सव एप्रिलच्या शेवटी इंडिओ येथे पोलोच्या मैदानावर तीन दिवस भरतो. मैदान वाळवंटी भागात आहे, बहुतेक प्रेक्षक उभे राहून ऐकतात आणि अनेक जण शेजारीच तंबू ठोकून राहतात. वीस-पंचवीस वर्षांच्या मित्रमंडळींनी जावे असे ते ठिकाण आहे. शिवाय अटलांटाहून ते देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

सीएमए फेस्टचा विचार अधिक गांभीर्याने करावा. १९७२ मध्ये ‘फॅन फेअर’ या नावाने तो सुरू झाला, तेव्हा कलाकार आणि चाहते यांनी एकमेकांना समोरासमोर भेटावे एवढाच त्याचा उद्देश होता, आणि तो बाणा आजही बराचसा टिकून आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध कंट्री गायक गार्थ ब्रूक्स यांनी तेवीस तासांहून अधिक वेळ एका जागी उभे राहून स्वाक्षऱ्या दिल्या होत्या, यावरून त्या वातावरणाची कल्पना यावी. जून महिन्यात चार दिवस हा महोत्सव चालतो. दिवसा शहराच्या मध्यभागी आणि कंबरलँड नदीकाठी उघड्यावरचे अनेक मंच असतात, तिथे प्रवेश विनामूल्य असतो. रात्री नदीपलीकडच्या निसान स्टेडियममध्ये मोठे कार्यक्रम होतात, त्यांना तिकीट लागते. कलाकार मानधन घेत नाहीत आणि उत्पन्नाचा एक भाग शाळांमधील संगीतशिक्षणासाठी जातो. स्टेडियममध्ये प्रत्येकाला ठरलेली खुर्ची मिळते, म्हणजे बसण्याचा प्रश्न सुटतो. मात्र तिकीट घेतानाच पायऱ्या टाळता येतील अशी जागा मागून घ्यावी, कारण समोरची मंडळी उभी राहिली की खुर्चीत बसलेल्याला फक्त पाठी दिसतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल स्पष्टच सांगतो. जिम रीव्ह्ज यांच्या जातीचे गाणे तुमच्या वडिलांना या महोत्सवाच्या मोठ्या मंचावर जवळजवळ ऐकायलाच मिळणार नाही. सुमारे साठ-सत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये जे वाजते, त्यात ढोल आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा जोर असतो, आणि ते आवडणारा तुमच्यासारखा माणूस तिथे रमतो. पण रीव्ह्ज यांचे ते हलके, कानात कुजबुजल्यासारखे गाणे ज्या स्टुडिओत घडले, तो आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ बी मात्र नॅशव्हिलमध्ये आजही उभा आहे. तो १९५७ मध्ये सुरू झाला. ध्वनिमुद्रणांचे निर्माते चेट अ‍ॅटकिन्स यांनी फिडल आणि बँजो मागे ठेवून व्हायोलिनांचा ताफा व मागून गाणारा सुरेल कोरस पुढे आणला, तो बहुतांशी याच खोल्यांमधून. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयातून तिथली मार्गदर्शित सफर निघते. रीव्ह्ज यांचा १९६४ मध्ये नॅशव्हिलजवळच विमान अपघातात मृत्यू झाला आणि १९६७ मध्ये त्यांना याच संग्रहालयाच्या मानकऱ्यांत स्थान मिळाले. वडिलांसाठी अर्धा दिवस इथे राखून ठेवा. माझ्या मते त्यांची खरी यात्रा इथेच होईल.

उपवन_तलाव (ठाणे)

पारसिक_टेकडी यांनी दिलेली माहिती योग्य आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. वडिलांना महोत्सवाला न्यायचे आणि त्यांच्या आनंदाची सोय मात्र संग्रहालयात शोधायची, हे मला पटत नाही. अशा वेळी महोत्सवच बदलावा.

उत्तर कॅरोलिनातील विल्क्सबरो येथे दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस एका कम्युनिटी कॉलेजच्या आवारात मर्लफेस्ट भरतो. अटलांटाहून मोटारीने पाचेक तासांचे अंतर आहे. डॉक वॉटसन हे अगदी लहानपणीच दृष्टी गमावलेले थोर गिटारवादक. त्यांचा मुलगा आणि साथीदार मर्ल १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला आणि त्याच्या स्मरणार्थ १९८८ पासून हा महोत्सव सुरू झाला. त्यात जुने डोंगरी संगीत, ब्लूग्रास (बँजो, फिडल, गिटार अशा तंतुवाद्यांवरचे द्रुत कंट्री संगीत), ब्लूज, गॉस्पेल आणि आजचे अमेरिकाना, असे सर्व काही असते. डॉक त्याला ‘ट्रॅडिशनल प्लस’ म्हणत. मोठ्या मंचासमोर खुर्च्या असतात, पण मला अधिक मोलाचे वाटतात ते छोटे मंच. तिथे कलाकार गाता गाता मध्येच थांबतात आणि हे वळण कोणाकडून शिकलो ते सांगतात.

वडील हवाईयन गिटार वाजवत असत हे वाचून तर माझे मत पक्के झाले. ब्लूग्रासमध्ये डोब्रो नावाची गिटार असते. ती पट्ट्याने अंगाशी आडवी धरतात आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवून सूर काढतात. घडण वेगळी असली तरी कूळ हवाईचेच. मीडच्या वेळी सुराला थरार देताना वादकाचे मनगट कसे हलते, हे ज्याने ती कांडी एकदा हातात धरली आहे त्याला दहा फुटांवरून जसे दिसते, तसे स्टेडियमच्या पडद्यावर कधीच दिसणार नाही.

एक सूचना मात्र करतो. तो भाग डोंगरपायथ्याचा आहे आणि एप्रिलमध्ये दुपारी ऊन असले तरी रात्री चांगलीच थंडी पडते. स्वेटर, कानटोपी आणि पाय झाकायला शाल न्यावी. ठाण्याच्या माणसाला एप्रिलमध्ये स्वेटर बॅगेत भरायला सांगितले की तो हसतो, आणि रात्री नऊ वाजता तोच कुडकुडतो.

घोडबंदरकर (ठाणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मर्लफेस्टचे नाव मी ऐकलेही नव्हते. अमेरिकानाफेस्टबद्दल कोणीच काही लिहिले नाही, तो सोडून द्यावा का? तसेच जेवणाचे काय, हेही सांगावे. वडील परदेशात गेले की भात-दही आणि फळांवर दिवस काढतात, पण चार दिवस ते बरे नव्हे.

वाशी_सेक्टर (वाशी)

अमेरिकानाफेस्ट सप्टेंबरात होतो आणि माझ्या आवडीचा तोच आहे, पण तुमच्या वडिलांसाठी मी तो सुचवणार नाही. नव्वदच्या दशकात कंट्री रेडिओने जुन्या वळणाच्या आणि गीतलेखनावर भर देणाऱ्या कलाकारांना बाजूला सारले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी वाट तयार झाली. १९९९ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली आणि २०१० पासून ग्रॅमीतही या प्रकारच्या अल्बमला स्वतंत्र पुरस्कार मिळू लागला. या महोत्सवाला एक मैदान नाही. शहरभर विखुरलेल्या क्लबांमध्ये संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत कार्यक्रम चालतात, बहुतेक ठिकाणी उभे राहावे लागते, आणि हाताला प्रवेशाचा पट्टा बांधलेला असला तरी क्लब भरला की दारातच थांबावे लागते. गुडघेदुखीच्या माणसाने या भानगडीत पडू नये. तुम्ही एकटे जाल तेव्हा मात्र जरूर जा. त्यातला पुरस्कार सोहळा रायमन सभागृहात होतो; १८९२ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत आजही चर्चसारखे लाकडी बाक आहेत आणि आवाज इतका सुरेख घुमतो की शेवटच्या रांगेतल्यालाही गायकाचा श्वास ऐकू येतो.

जेवणाबाबत सावध राहावे. अमेरिकेच्या दक्षिणेत भाजी म्हणून जे वाढतात, ते पुष्कळदा शाकाहारी नसते. चवळीसारखी कडधान्ये आणि हिरव्या पालेभाज्या डुकराच्या चरबीत किंवा हाडांबरोबर शिजवण्याची तिथे जुनी रीत आहे, आणि बिस्किटांत, म्हणजे तिथल्या मऊ पावात, लोणी आहे की चरबी हे विचारल्याशिवाय कळत नाही. ‘यात मांस आहे का’ एवढेच विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येईल. ‘कशात शिजवले आहे’ असे विचारावे. चीज घातलेली मॅकरोनी तिथे भाज्यांच्या यादीत बसते हे पाहून वडिलांची करमणूक होईल आणि पोटही भरेल. बहिणीकडून निघताना थेपले, गुळपोळ्या, दाण्याची चटणी असे टिकणारे पदार्थ सोबत घ्यावेत, पण ते हॉटेलच्या खोलीवर खाण्यासाठी. कार्यक्रमाच्या फाटकावर बाहेरचे खाणे आत नेता येईल असे गृहीत धरू नये.

नेरूळ_पूर्व (नेरूळ)

माझा मुद्दा अगदी व्यवहाराचा आहे. डी. वाय. पाटील स्टेडियममधील २०२५ च्या जानेवारीतील कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला जे गेले होते त्यांना गर्दीबद्दल वेगळे सांगायला नको, पण अमेरिकेतील मोठ्या स्टेडियममध्ये पिशवीचा नियम वेगळा आणि कडक असतो. पिशवी पारदर्शक हवी आणि तिचा आकार १२ बाय ६ बाय १२ इंचांहून मोठा चालत नाही. त्याशिवाय तळहाताएवढे छोटे पाकीट चालते. वडिलांची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह त्या पारदर्शक पिशवीतच ठेवावीत, म्हणजे फाटकावर उघडझाप करावी लागत नाही.

जूनमधील नॅशव्हिलची हवा आपल्याला ओळखीची वाटेल, कारण पारा तिशीच्या वर आणि दमटपणाही भरपूर. फरक असा की तिथे दुपारनंतर गडगडाटी वादळे येतात आणि जवळपास वीज चमकू लागली की उघड्यावरचा कार्यक्रम थांबवून लोकांना आडोशाला जायला सांगतात. आपल्याकडे पावसात लोक जागा सोडत नाहीत. तिथे सांगितल्यावर लगेच उठावे. कानात घालण्याचे फोमचे बोळे ठाण्यातूनच न्यावेत. वडील श्रवणयंत्र वापरत असतील तर स्टेडियममध्ये ते काढून ठेवावे लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणखी एक. अटलांटा ते नॅशव्हिल मोटारीने सुमारे चार तास लागतात, पण नॅशव्हिलचे घड्याळ एक तास मागे आहे. जाताना एक तास पदरात पडतो, परतताना तो हातचा जातो.

पारसिक_टेकडी (बेलापूर)

उपवन_तलाव यांचा मुद्दा मी मान्य करतो. वडिलांसाठीच जायचे असेल तर मर्लफेस्ट उजवा. पण तुम्हा दोघांनाही काही मिळावे असे वाटत असेल तर मी असे सुचवेन. एप्रिलमध्ये मर्लफेस्टचे दोनच दिवस करावेत. सगळे दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकण्याचा हट्ट धरला तर तिसऱ्या दिवशी कान काही घेत नाहीत. आपल्या सवाईत पुण्याला जाणारे जाणते लोकही सगळी सत्रे करत नाहीत, आपले कलाकार हेरून तेवढ्यांना बसतात. त्यानंतर बहिणीकडे विश्रांती घेऊन नॅशव्हिलला जावे आणि तिथे एका शनिवारी रात्री ग्रँड ओल ऑप्री पाहावी. हा १९२५ पासून चालू असलेला रेडिओचा कार्यक्रम आहे. १९७४ पासून तो शहराबाहेरच्या स्वतःच्या सभागृहात होतो, आणि तिथल्या मंचाच्या मधोमध जुन्या रायमनच्या मंचातून कापून आणलेला लाकडाचा गोल बसवलेला आहे. एकाच संध्याकाळी ज्येष्ठ आणि नवे असे अनेक कलाकार दोन-दोन, तीन-तीन गाणी सादर करून जातात आणि निवेदक मध्येच जाहिराती वाचतो. बैठक आरामाची आहे, कार्यक्रम दोन-अडीच तासांत आटोपतो, आणि मागे पेडल स्टील वाजवणारा वादक बसलेला असतो. वडिलांना तो नीट दिसावा म्हणून शक्य तेवढ्या पुढची तिकिटे घ्या. हवाईयन गिटार जिथवर जाते त्याच्या पुढे हे वाद्य जाते, कारण हातात कांडी असतानाच पायाखालच्या पट्ट्या आणि गुडघ्याजवळच्या दांड्या दाबून वेगवेगळ्या तारांचा ताण वाजवता वाजवता बदलता येतो. ते पाय कसे चालतात हे पाहायला ते नक्की पुढे वाकतील.

तोवर घरी बसून कान तयार करता येतील. ऑप्रीचे शनिवारचे प्रक्षेपण डब्ल्यूएसएम या केंद्रावरून इंटरनेटवर ऐकता येते. तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारचे पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा होतात. तुमच्या घरची रविवारची सकाळ तशीही कंट्रीनेच सुरू होते.

घोडबंदरकर (ठाणे)

हीच योजना ठरवतो. वडिलांना हा धागा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो पुढे करतो: स्टुडिओ बीची सफर वेगळी आरक्षित करावी लागते, की संग्रहालयाच्या तिकिटातच येते?

पारसिक_टेकडी (बेलापूर)

साध्या प्रवेशात ती येत नाही. संग्रहालय आणि स्टुडिओ मिळून वेगळे तिकीट असते आणि बस संग्रहालयाच्या दारातून सुटते. वेळ ठरलेली असते, म्हणून तारीख नक्की झाली की संकेतस्थळावरून आधीच घेऊन ठेवा आणि त्या दिवशी सकाळची वेळ निवडा, म्हणजे दुपारी वडिलांना झोप काढता येईल.